मेदाची टक्केवारी छापताना द्रावकाचेही नाव छापा

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तारल्यांत मेद इतके टक्के, बांगड्यात तितके, तिसऱ्यांत ओमेगा-३ अमुक इतके, असे आकडे वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचायला मिळतात. ते मग आहाराच्या तक्त्यांत जातात, महाविद्यालयीन प्रकल्पांच्या वह्यांत उतरतात आणि तिथून पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती पडतात. हा मेद माशातून कोणत्या द्रावकाने (मेद विरघळवून बाहेर काढणाऱ्या द्रवाने) वेगळा केला, हे मात्र सोबत क्वचितच छापलेले असते. गोव्यातील प्रयोगशाळांत हे काम करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचे सांगणे एवढेच, की द्रावकाचे नाव नसलेल्या टक्केवारीवर विसंबू नये. एकाच माशाच्या एकाच लगद्यातून मेद दोन पद्धतींनी काढला तर दोन आकडे येतात, आणि कधी कधी एक आकडा दुसऱ्याच्या निम्माच भरतो.

याचे कारण असे की मेद हा एकच पदार्थ नव्हे. साठ्याचे तेल, म्हणजे ट्रायग्लिसराइड, पेशींत थेंबांच्या रूपात असते. फॉस्फोलिपिडे पेशींच्या पडद्यांत प्रथिनांना धरून बसलेली असतात. समुद्री शेवाळात त्यांच्या जोडीला ग्लायकोलिपिडे असतात. साठ्याचे तेल हेक्झेनमध्ये किंवा पेट्रोलियम ईथरमध्ये सहज विरघळते. पडद्यातला मेद सोडवायचा तर मिथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉलसारखे अल्कोहोल हवे, कारण प्रथिनांशी असलेले हायड्रोजन बंध तेच तोडते. शिवाय ताज्या मासळीत ७० ते ८० टक्के पाणी असते आणि नुसत्या हेक्झेनला त्या ओल्या मांसात नीट शिरताच येत नाही. म्हणून बहुतेक भरवशाच्या पद्धतींत द्रावकांची जोडी असते: एक दार उघडणारा, दुसरा माल उचलून नेणारा.

सर्वांत जुनी आणि आजही बहुतेक महाविद्यालयांत चालणारी रीत म्हणजे सॉक्सलेट. लगदा १०५ अंशांवर वाळवायचा, थिंबलमध्ये (जाड गाळणकागदाच्या नळकांड्यात) भरायचा आणि ४०-६० अंशांना उकळणारे पेट्रोलियम ईथर त्यावरून सहा-आठ तास फिरवत ठेवायचे. तेलकट माशाच्या ढोबळ अंदाजापुरती ती चालते. सुंगटे, मुडदुशे, मोरी यांसारख्या कमी मेदाच्या मासळीला ती लावणे मात्र चूकच. अशा मांसात मेद टक्का-दीड टक्का, त्यातला मोठा वाटा फॉस्फोलिपिडांचा, आणि नेमका तोच थिंबलमध्ये मागे राहतो. डीएचए हे ओमेगा-३ आम्ल तर याच फॉस्फोलिपिडांत भरपूर असते. म्हणजे आकडाही घटतो आणि मेदाची प्रतही बदललेली दिसते. वर भट्टीत वाळवताना बहुअसंतृप्त आम्ले हवेशी संयोग पावतात ते वेगळेच.

ज्या दोन पद्धतींची नावे सगळीकडे घेतली जातात त्यांत फरक काय, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गोव्यातील मासळीच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक इथेच होते. फोल्च आणि सहकाऱ्यांची पद्धत १९५७ ची. १ ग्रॅम लगद्याला क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांचे २:१ मिश्रण २० मिलिलिटर घ्यायचे, होमोजिनायझरने घुसळायचे, गाळायचे. गाळलेल्या द्रवात ०.८८ टक्के पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण ४ मिलिलिटर घालायचे. मांसातले पाणी धरून क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांचे प्रमाण ८:४:३ च्या आसपास येते आणि दोन थर स्वच्छ वेगळे होतात. मेद खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात, तर साखरा, क्षार आणि अमिनो आम्ले वरच्या थरात.

ब्लाय आणि डायर यांची पद्धत १९५९ ची. ती कॅनडातील हॅलिफॅक्स येथे कॉड माशाच्या मांसासाठी बसवली गेली. त्या मांसात पाणी ८० टक्के आणि मेद १ टक्क्याच्या आसपास. १०० ग्रॅम मांसाला आधी क्लोरोफॉर्म १०० आणि मिथेनॉल २०० मिलिलिटर, दोन मिनिटे घुसळणे. मग आणखी क्लोरोफॉर्म १०० आणि शेवटी पाणी १०० मिलिलिटर, दर वेळी अर्धा मिनिट घुसळणे. पहिल्या टप्प्यात क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी यांचे प्रमाण १:२:०.८ असते, शेवटी २:२:१.८ होते. या ०.८ मध्ये मांसातले पाणी मोजलेले आहे. द्रावक कमी लागतो, काम लवकर उरकते, म्हणून ती लोकप्रिय झाली, आणि कॉडसारख्या माशाला ती उत्तमच आहे.

पण तारले म्हणजे कॉड नव्हे. पावसाळ्यानंतर आपल्या तारल्यांना चरबी चढते, आणि तेव्हा मांसातील मेद कॉडच्या कितीतरी पट असतो. नमुन्याच्या तिप्पट, तेही मिथेनॉलबहुल मिश्रणात एवढे तेल मावत नाही. ते अर्धवट विरघळते, उरलेले गाळणीवरच्या चोथ्याला चिकटून राहते. २००१ साली सागरी प्राण्यांच्या नमुन्यांवर या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना प्रसिद्ध झाली. मेद २ टक्क्यांपर्यंत असेतो दोन्हींचे आकडे जुळतात. त्यापुढे ब्लाय-डायरचा आकडा मागे पडत जातो आणि मेद २६ टक्क्यांच्या घरात गेला की ही तूट ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते, असे तिच्यात दिसले. म्हणून नोव्हेंबरातल्या तारल्यांचा ब्लाय-डायरने काढलेला आकडा आम्ही ग्राह्य धरत नाही. हीच पद्धत वापरायची असेल तर नमुना कमी घ्यावा, म्हणजे द्रावक २० पटींच्या आसपास जाईल, आणि पाण्याचा हिशेब नव्याने मांडावा.

पाण्याच्या या हिशेबात वाळवलेल्या नमुन्यांच्या वेळी हमखास गफलत होते. फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून वाळवलेल्या, शेवाळात पाणी जवळजवळ नसते. कृती मूळ माशासारखीच केली तर ०.८ चा वाटा येतच नाही, वाळलेल्या पेशी फुगत नाहीत आणि मेद अडकून राहतो. वाळलेल्या नमुन्यात आधी हिशेबाने पाणी घालून १०-१५ मिनिटे भिजू द्यावे, मग द्रावक घालावा.

क्लोरोफॉर्म काम चोख करतो, यात वाद नाही. त्याची किंमत मात्र हाताळणाऱ्याला मोजावी लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो २बी गटात, म्हणजे कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांत, ठेवला आहे. उजेड आणि हवा लागली की त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो, म्हणून बाटली गडद काचेची हवी आणि आत अर्धा ते एक टक्का इथेनॉल किंवा थोडे अमिलीन स्थिरक म्हणून हवे. नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे तो काही मिनिटांत भेदतो. शिंतोडा उडाला की मोजा लगेच बदलायचा, हात धुऊन होईपर्यंत थांबायचे नाही. फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारे कपाट) बंद पडलेल्या खोलीत वीस मुलांकडून फोल्च करून घेणे आम्हाला मान्य नाही. असे वर्ग भरतात हे ठाऊक असल्यानेच पर्यायांविषयी लिहिणे गरजेचे वाटते.

‘क्लोरोफॉर्मऐवजी डायक्लोरोमिथेन घ्या’ असा सल्ला पुष्कळदा मिळतो. मेदाच्या उताऱ्यात दोन्ही जवळपास सारखे, हे खरे. पण डायक्लोरोमिथेन त्याच संस्थेच्या २ए गटात आहे, म्हणजे एक पायरी वरच. शिवाय ते ४० अंशांना उकळते. एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या खोलीत पारा ३३-३४ वर असतो. तेव्हा बंद नळीत दाब चढतो, झाकणाखालून वाफ निसटते, पिपेटच्या टोकातून थेंब आपोआप गळतात, आणि ‘५ मिलिलिटर’ खरोखर किती हे कुणालाच सांगता येत नाही. गोव्यात आम्ही या पर्यायाच्या बाजूने नाही.

शिकवण्याच्या प्रयोगशाळेसाठी आमची पसंती हेक्झेन-आयसोप्रोपेनॉलला. हारा आणि रॅडिन यांनी १९७८ साली मांडलेली ही पद्धत अशी: १ ग्रॅम लगद्याला ३:२ प्रमाणातील मिश्रण १८ मिलिलिटर, अर्धा मिनिट घुसळणे, गाळणे, चोथा त्याच मिश्रणाच्या २-२ मिलिलिटरने तीनदा धुणे. मग १५ मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट या प्रमाणात केलेले द्रावण १२ मिलिलिटर घालून मिनिटभर हलवणे. इथे मेद वरच्या थरात येतो, त्यामुळे पिपेट मधल्या प्रथिनांच्या सायीतून खाली न्यावी लागत नाही. प्रथिनांची घाणही कमी येते. उणीव अशी की गँग्लिओसाइडसारखे अतिध्रुवीय मेद नीट येत नाहीत. मासळीच्या एकूण मेदासाठी ते फारसे आड येत नाही, मेंदू किंवा डोळ्याच्या ऊतींवर काम असेल तर येते.

हेक्झेनही निरुपद्रवी नाही. दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास त्याचे शरीरात २,५-हेक्झेनडायोन बनते आणि हातापायांच्या नसा दुखावतात. ते शून्याखाली २२ अंशांनाही पेट घेऊ शकते. घरगुती फ्रिजच्या आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरेशी असते, म्हणून हेक्झेनमधले नमुने साध्या फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नयेत. क्लोरोफॉर्मकडून हेक्झेनकडे जाणे म्हणजे विषाचा धोका कमी करून आगीचा धोका पत्करणे. तो सांभाळता येतो, पण ठाऊक असला तरच.

नसांच्या भीतीवर उतारा म्हणून सायक्लोहेक्झेन बरे. स्मेडेस यांची १९९९ मधली पद्धत हेच वापरते आणि ती माशांच्या तपासणीतूनच आलेली आहे. आयसोप्रोपेनॉल १६, सायक्लोहेक्झेन २० आणि नमुन्यातले धरून पाणी २२ मिलिलिटर. सेंट्रीफ्यूजनंतर वरचा थर काढून घ्यायचा आणि थोडे आयसोप्रोपेनॉल मिसळलेल्या सायक्लोहेक्झेनच्या आणखी २० मिलिलिटरने दुसरा उतारा घ्यायचा. एक खबरदारी: सायक्लोहेक्झेन साडेसहा अंशांना गोठते. अर्क तसाच फ्रीझरमध्ये ठेवला की दगड होतो; आधी द्रावक उडवून टाकावा.

थोडक्या नमुन्यांवर, मास स्पेक्ट्रोमीटरसाठी काम असेल तर २००८ ची मिथाइल टर्शरी ब्यूटिल ईथरची पद्धत सोयीची: नमुना ०.२ मिलिलिटर, मिथेनॉल १.५, ईथर ५, तासभर हलवणे, मग पाणी १.२५. मेद वर, चोथा तळाशी. वजनावर मेद मोजायला ती आम्ही सुचवणार नाही, कारण ईथरच्या थरात पाणी बरेच उतरते आणि ते उडवण्यात वेळ जातो.

द्रावक कुठलाही असो, काही गोष्टी सगळीकडे बिघडतात. थर वेगळे न होता दुधासारखे मिश्रण झाले तर बहुधा नुसते पाणी वापरलेले असते किंवा नळी जोरात हलवलेली असते. क्षाराचे द्रावण वापरावे, नळी हळू उलटीपालटी करावी आणि १००० जी वर १० मिनिटे सेंट्रीफ्यूज करावी. प्लॅस्टिकच्या नळ्या आणि झाकणे टाळावीत, कारण क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि इतर प्लॅस्टिकांतून थॅलेट (प्लॅस्टिक मऊ ठेवणारी रसायने) ओढून घेतो. वजन वाढते आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर (मेदाम्ले सुटी करून मोजणाऱ्या यंत्रावर) उपरे शिखर उमटते. काचेची नळी आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकणच हवे. द्रावकात लिटरला ५० मिलिग्रॅम बीएचटी घातले की ऑक्सिडीकरण रोखले जाते. त्याचे वजन मात्र कोऱ्या नळीवरून (नमुना न घालता तीच कृती केलेल्या नळीवरून) काढून वजा करावे. अर्क ४० अंशांच्या खालीच आटवावा.

गोव्याच्या हवेमुळे येणारी एक चूक परगावच्या पुस्तकांत सापडत नाही, म्हणून ती इथे नोंदवतो. जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरलेले असते. नायट्रोजनच्या धारेखाली द्रावक उडत असताना काचेची कुपी गार पडते आणि तिच्या अंगावर, कधी आतल्या बाजूलाही, दव धरते. कुपीत मेद ५ मिलिग्रॅम आणि दव २ मिलिग्रॅम असेल तर आकडा ४० टक्क्यांनी फुगला. कुपी ३५ अंशांच्या गरम ठोकळ्यात ठेवूनच द्रावक उडवावा, बाहेरून पुसावी, अर्धा तास सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवून वजन करावे, आणि लागोपाठच्या दोन वजनांतला फरक ०.२ मिलिग्रॅमच्या आत आल्याशिवाय नोंद करू नये. पण रात्रभर ठेवू नये; तारल्याच्या तेलाला हवा लागून त्याचे वजन उलट वाढू लागते. मुळात नमुना एवढा घ्यावा की मेद ५० मिलिग्रॅमच्या पुढे भरेल: तारल्याचा १ ग्रॅम पुरतो, सुंगटांचे ५ ते १० ग्रॅम लागतात.

मासळीखेरीज इतर जीवांत आणखी फाटे फुटतात. तिसऱ्या, शिनाणे, कालवे यांत प्लाझमालोजेन नावाचे फॉस्फोलिपिड बरेच असते आणि आम्लाने ते फुटते. म्हणून आधी आम्लात उकळून मेद काढण्याची पद्धत शिंपल्यांतील मेदाचे प्रकार तपासण्यासाठी वापरू नये. हणजूण, वागातोरच्या खडकांवरील सरगॅसम या तपकिरी शेवाळातून क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने जो हिरवट-तपकिरी अर्क निघतो त्यात हरितद्रव्य आणि कॅरोटिनॉइडेही असतात. त्या सगळ्याला ‘मेद’ म्हणून तोलले तर शेवाळ उगाच तेलकट ठरते. इथे वजन सोडून, सी-२३ आम्लाचे मिथाइल एस्टर अंतर्गत प्रमाण (ठाऊक वजनाचा तुलनेचा पदार्थ) म्हणून घालून, मेदाम्लेच गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजावीत. प्लवक गाळणीवर गोळा केले असेल तर समुद्राचे मीठ अमोनियम फॉर्मेटच्या ०.५ मोलर द्रावणाने धुवावे. गोड्या पाण्याने पेशी फुटतात. फॉर्मेट वाळवताना उडून जाते.

द्रावकाच्या आधी नमुना चुकला तर पुढचे सगळे व्यर्थ. तारल्याचा मेद कातडीखाली आणि पोटाच्या पट्टीत दाटलेला असतो. कुणी नुसते पाठीचे पांढरे मांस घेतो, कुणी कातडीसकट सगळा मासा वाटतो. यातला फरक दोन द्रावकांतल्या फरकाहून मोठा असू शकतो. आणि मासा बर्फावर नीट नसेल तर लायपेज एंझाइमे मेद फोडत राहतात. उणे २० अंशांवरही ती पूर्ण थांबत नाहीत. काम महिनाभर लांबणार असेल तर उणे ८० चा फ्रीझर हवा, नाहीतर अर्क लगेच काढून नायट्रोजनखाली ठेवावा.

म्हणून द्रावकांची तुलना करायची तर ती अशी. एकाच खेपेतले दहा तारले डोके-आतडी काढून कातडीसकट बर्फावर वाटावेत आणि त्या एकाच लगद्याचे भाग करावेत. प्रत्येक द्रावकाला पाच भाग, सोबत एक कोरी नळी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, नाहीतर शेवटी आलेल्या द्रावकाला शिळा लगदा मिळतो. सगळे झाल्यावर प्रत्येक चोथ्याला पुन्हा फोल्च लावावा. मिळालेल्या मेदाच्या ५ टक्क्यांहून अधिक त्यातून निघाला तर पहिला द्रावक अपुरा पडला असे समजावे. ही एक पायरी सहसा गाळली जाते आणि तीच सर्वांत जास्त शिकवते. मग सिलिकाच्या पट्टीवर हेक्झेन, डायइथाइल ईथर आणि अॅसेटिक आम्ल ८०:२०:१ प्रमाणात चालवून आयोडीनच्या वाफेत पाहावे. फॉस्फोलिपिडे सुरुवातीच्या रेषेवरच थांबतात, ट्रायग्लिसराइडे वर चढतात, आणि मुक्त मेदाम्लांचा ठिपका मोठा दिसला तर दोष शिळ्या माशाचा, द्रावकाचा नव्हे. या पट्टीला खर्च अगदी थोडा येतो.

आपल्याला विनंती अशी की मासळीच्या मेदाचा आकडा छापताना कोणता भाग, कोणता महिना, कोणता द्रावक आणि नमुन्याच्या किती पट, हे चार तपशील बातमी देणाऱ्याकडे मागावेत. ज्याने काम केले आहे त्याच्यापाशी ते असतातच.

उरलेला प्रश्न वापरून झालेल्या द्रावकाचा आहे. तो बेसिनमध्ये ओतला जाऊ नये. क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. तो खाली बसतो, आणि आपली जमीन जांभ्या दगडाची, सच्छिद्र. अनेक वाड्यांवर विहिरी अजून वापरात आहेत. क्लोरीनयुक्त द्रावकांची बाटली वेगळी आणि हेक्झेन-अल्कोहोलची वेगळी ठेवावी. नळ्या धुतलेले अॅसिटोन क्लोरोफॉर्मच्या बाटलीत कधीही टाकू नये, कारण त्यात अल्कलीचा अंश गेला तर स्फोट होऊ शकतो. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम असा कचरा साधारणपणे ९० दिवसांहून अधिक साठवू देत नाहीत. पण एखाद्या महाविद्यालयाच्या दोन-तीन लिटरांसाठी गाडी कोण पाठवणार? गोवा विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांचा हा कचरा दर दोन महिन्यांनी एकत्र उचलण्याची सोय करावी, आणि तोवर प्रत्येक प्रयोगशाळेने बाटलीवर द्रावकाचे नाव, अंदाजे प्रमाण आणि पहिला थेंब ओतल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी. शाईची अक्षरे द्रावकाच्या पहिल्याच ओघळात पुसून जातात.

आपले,
सागरी रसायनशास्त्राचे काही अध्यापक व प्रयोगशाळा-साहाय्यक,
ताळगाव-पणजी, गोवा